पाजूचं पेस्टल: चित्र भारी की त्यामागची चाल?

रंगपेटी:
अदेलाईद लाबिय-ग्यार या फ्रेंच चित्रकर्तीचं १७८२ चं पेस्टल, म्हणजे रंगखडूचं चित्र, आहे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, शिल्पकार ओग्युस्तँ पाजू बाह्या वर सारून आपल्या गुरूचा, लमुआनचा बस्ट (डोकं-खांद्यांपर्यंतचा पुतळा) घडवतोय. हेच चित्र देऊन ती ३१ मे १७८३ ला पॅरिसच्या रॉयल अकॅडमीत, म्हणजे राजाश्रयाच्या कलावंत-संस्थेत, दाखल झाली. माझ्या मते अठराव्या शतकात शिल्पकाराचं याहून जिवंत पोर्ट्रेट नाही. तोंडवळा तर कोणीही उतरवेल हो, हिने माणूस त्याच्या कामासकट पाहिलाय.

माती_मळणारा:
नाही पटलं. मी स्वतः शाडूत डोकी करतो म्हणून बोलतोय. पाजूने लमुआनचा बस्ट १७५९ च्या सालोंमध्ये, म्हणजे अकॅडमीच्या प्रदर्शनात, ठेवला होता, लमुआन १७७८ ला वारला, आणि चित्रातला पाजू बावन्न वर्षांचा! म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी संपलेलं काम आत्ता चाललंय असं दाखवलंय, हे काम करताना पाहिलेलं नव्हे, मांडून बसवलेलं आहे. शिवाय ज्या अकॅडमीत शिरायचंय तिथल्याच लोकांची पोर्ट्रेट एकामागोमाग करायची, व्हियाँ, बाशेलिये, पाजू, याला मी चाल म्हणतो.

रंगपेटी:
चाल होतीच, पण ती का करावी लागली ते बघ ना. लोक म्हणत होते हिची चित्रं हिची नाहीतच, व्हँसाँ हा चित्रकार हात फिरवून देतो. बाईचं काम चांगलं झालं की हात पुरुषाचा, हे ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. मग तिने अकॅडमीवाल्यांनाच समोर बसवलं. जो स्वतः समोर बसलाय त्याला कळतंच की खडू कोणाच्या हातात आहे, त्याहून मोठा साक्षीदार कुठला आणणार? तिला अकॅडमीत घेतलं त्याच दिवशी विजे-लब्रँ या दुसऱ्या चित्रकर्तीलाही घेतलं आणि बायकांसाठीच्या चार जागा भरल्या, पुढचं दार बंद. इतक्या अरुंद वाटेने जायचं तर विचार करूनच पाऊल टाकावं लागतं.

कागदावरची_धूळ:
मला दोघांचंही थोडं खटकतंय, साक्षी आणि मतं यातच अडकलोय आपण, चित्राकडे कोण बघणार? पेस्टल म्हणजे जवळजवळ नुसती रंगाची पूड, कागदाला जेमतेम धरून राहिलेली, धक्का लागला तरी झडते, म्हणून काचेमागे आणि मंद उजेडात ठेवतात. त्या कोरड्या पुडीतून मातीचं डोकं उभं करायचं आणि शेजारी जिवंत माणसाची कातडी, दोन्ही वेगळी वाटली पाहिजेत, हे मी करून पाहिलंय आणि मला जमलेलं नाही. आणि गुरू जाऊन चार वर्षं झालेली, शिष्याचा हात अजून त्याच्या चेहऱ्यावर आहे. तारखा जुळत नाहीत म्हणून हे खोटं कसं म्हणायचं? आठवण आहे ती.

माती_मळणारा:
आठवण म्हणून मान्य, आणि बदनामीचं वाचून वाईटच वाटलं, ते मी धरलं नव्हतं. पण मला जास्त भिडतं ते पुढचं. पाजूने नंतर तिच्या वडिलांचा बस्ट केला, आणि तिने १७८५ मध्ये दोन विद्यार्थिनींबरोबरचं स्वतःचं मोठं चित्र काढलं, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, त्यात मागे तोच बस्ट ठेवलाय. तिथे कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, एकाने दुसऱ्याच्या घरचं माणूस घडवलं आणि दुसरीने ते आपल्या चित्रात जपलं. बाह्या सारलेला पाजू मला अजूनही पोझ देऊन उभा राहिलेलाच दिसतो.