मदत हवी आहे: सासरे अमेरिकेत येतायत, पोलिसांनी अडवलं तर काय करायचं हे कुणी मराठीत लिहून देईल का?

मृण्मयी_क
नमस्कार. घाईत लिहितेय. पुढच्या गुरुवारी आबा, म्हणजे माझे सासरे, सहा महिन्यांसाठी येतायत. ते रोज पहाटे साडेपाचला फिरायला जातात. चाळीस वर्षांचा नेम आहे, इथेही मोडणार नाहीत. मला एका पानात, मोठ्या अक्षरात, साध्या मराठीत हवंय: पोलिसाने थांबवलं तर काय करायचं, काय नाही. मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. गेल्या आठवड्यात जे झालं त्यानंतर डोकंच चालत नाहीये. कुणाकडे तयार असेल तर आजच द्या. आणि कृपया "काही होत नाही गं" म्हणू नका.

बाळासाहेब_प्र
आबांचा प्रवासी विमा काढलात का? वय सत्तरच्या पुढे असेल तर आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा. आमच्या आईच्या वेळी एका रात्रीच्या दवाखान्याचं बिल बघून घाम फुटला होता. औषधं सहा महिन्यांची आणा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत.

मृण्मयी_क
विमा झालाय काका. प्रश्न तो नाही.

अॅड_शंतनू
ताई, माहिती अपुरी आहे. राज्य कोणतं? आबांना इंग्रजी किती येतं? आणि गेल्या आठवड्यात नेमकं काय झालं? नियम राज्यागणिक बदलतात.

मृण्मयी_क
टेक्सस. वय ७१. इंग्रजी येत नाही. बाकीचं नंतर सांगते, आधी कागद द्या ना कुणीतरी.

आल्हाद_न्यूजर्सी
ताई, मला २२ वर्षं झाली इथे. तीनदा गाडी थांबवली, तिन्ही वेळा पोलीस 'सर' म्हणून बोलला. नम्रपणे वागलं की काही होत नाही. आबांना एवढंच शिकवा: "आय ॲम इंडियन". गैरसमज तिथेच मिटतो.

सुलभा_ह
आल्हाद, तुम्हाला २०१५ चं अलाबामातलं प्रकरण आठवत नाही का? मॅडिसन गाव. ५७ वर्षांचे गुजराती आजोबा, नातवाला सांभाळायला नुकतेच आलेले, सकाळी फुटपाथवर फिरत होते. एका शेजाऱ्याने ९११ ला फोन केला, कुणी सडपातळ काळा माणूस घरांजवळ घुटमळतोय म्हणून. पोलीस आले. आजोबांनी "नो इंग्लिश" सांगितलं, "इंडियन" सांगितलं, घर बोटाने दाखवलं. हात मागे धरून पोलिसाने त्यांना पाय ओढून तोंडावर आपटलं. मानेच्या मणक्याला मार, अर्धवट लुळेपणा. गव्हर्नरने माफी मागितली. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.
आणि "इंडियन म्हणा" याचा अर्थ काय होतो ते बघा जरा. जो इंडियन नाही, खरोखर काळा आहे, त्याला आपटलं तर चालतं का?

आल्हाद_न्यूजर्सी
मी तसं म्हटलेलं नाही. पण एका घटनेवरून सगळ्या पोलिसांना झोडपू नका. हार्वर्डच्या रोलंड फ्रायर यांचा २०१६ चा अभ्यास वाचा. ते स्वतः काळे आहेत. ह्यूस्टनची आकडेवारी होती, म्हणजे ताईंच्याच राज्याची. गोळी घालण्यात वांशिक फरक सापडला नाही.

विदुला_संख्या
तो अभ्यास मी शिकवते, म्हणून अर्धाच सांगितलेला सहन होत नाही. त्याच निबंधात पुढे आहे की हात टाकणं, भिंतीला लावणं, बेड्या घालणं, बंदूक रोखणं यातलं काही ना काही काळ्या आणि हिस्पॅनिक लोकांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त येतं. बाकी घटक धरल्यावर फरक कमी होतो, पण जात नाही. आबांची भीती गोळीपेक्षा या दुसऱ्या यादीची आहे. शिवाय २०२० मध्ये इतर संशोधकांनी दाखवलं की मुळात थांबवण्यातच पक्षपात असेल, तर थांबवलेल्यांच्या नोंदींतून पुढचा पक्षपात कमी दिसतो.
आणि गोळीचंच म्हणाल तर वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून मोजणी केली. वर्षाला साधारण १,००० माणसं पोलिसांच्या गोळीने मरतात. काळ्या लोकांचं प्रमाण, लोकसंख्येच्या हिशेबाने, गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त.

दिनेश_ऑस्टिन
एवढी चर्चा कशाला? गाडीत पुढे-मागे डॅशकॅम लावा. आबांच्या शर्टाला छोटा कॅमेरा अडकवा. पुरावा असला की समोरचा जपून वागतो. मी चार वर्षं वापरतोय.

सुलभा_ह
अलाबामातलं आपटणं पोलिसांच्याच कॅमेऱ्यात होतं. दोन ज्यूरींनी ते बघितलं.

दिनेश_ऑस्टिन
आणि मिनियापोलिसचं? २५ मे २०२० ला रस्त्यावरच्या मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं तर जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता ती ९ मिनिटं २९ सेकंद कुणाला कळली असती? पोलिसांचं पहिलं निवेदन तर तब्येत बिघडल्याचं होतं. त्या चित्रणामुळे त्या पोलिसाला, शॉविनला, साडेबावीस वर्षांची शिक्षा लागली. कॅमेरा हवाच.

अॅड_शंतनू
दिनेश, नंतरचा न्याय वेगळा आणि त्या क्षणाचा जीव वेगळा. ताईंना दुसरं हवंय.
कायदा थोडक्यात. मेंफिसला १५ वर्षांचा निःशस्त्र मुलगा कुंपण चढून पळताना मारला गेला, त्या खटल्यात १९८५ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की नुसतं पळणाऱ्यावर जीवघेणं बळ वापरता येणार नाही, धोका गंभीर हवा. १९८९ च्या ग्रॅहम खटल्याने मोजमाप ठरवलं: त्या जागी, त्या क्षणी, समंजस पोलिसाला काय वाटलं असतं. मागाहून कळलेलं मोजायचं नाही. हा ग्रॅहम कोण होता माहीत आहे? मधुमेही माणूस. साखर उतरली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला, रांग बघून धावत बाहेर आला. तेवढ्यावर संशय. झटापटीत पाय मोडला.
म्हणून विचारतो: आबांना काही आजार, काही सवय? खिशात काय असतं?

मृण्मयी_क
हे आधी सांगायला हवं होतं, आमच्यासाठी इतकं रोजचं आहे की सुचलंच नाही. आबांना ऐकू कमी येतं. उजव्या कानात मशीन आहे. कुणी मोठ्याने बोललं की मशीन शिट्टी मारतं आणि त्यांचा हात लगेच कानाकडे जातो. सुटी बॅटरी सदऱ्याच्या खिशात. आणि पितळी मुठीची काठी.
गेल्या आठवड्याचंही सांगून टाकते. अथर्वला, माझ्या मुलाला, रात्री साडेनऊला थांबवलं. १७ वर्षांचा आहे, लायसन मिळून महिना झालाय. मागचा एक दिवा बंद होता. पोलीस काचेशी येईपर्यंत हा विम्याचा कागद काढायला डॅशबोर्डच्या खणाकडे वाकला. पोलीस ओरडला, पिस्तूल बाहेर. पोरगा तसाच वाकलेला, हात खणात. शेवटी ताकीद देऊन सोडलं, दंडसुद्धा नाही. घरी आला तो गॅरेजमध्ये गाडी बंद करून बसून राहिला. मी दार उघडलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखे. म्हणाला, "आई, काढू का हात?"
अथर्व रंगाने आबांवर गेलाय. लहानपणी आमच्याच नात्यातल्या बायका त्याला बेसन लावायला सांगायच्या.

सुलभा_ह
मृण्मयी, अथर्व कुणाशी बोलतोय का? त्याचं आधी बघ. आबांचा कागद होईल.

आल्हाद_न्यूजर्सी
ताई, माफ करा. माझा रंग उजळ आहे, हे मी माझ्या २२ वर्षांत कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

रानवारा_बीड
थोडं अवांतर. माझी आई पारधी वस्तीवरच्या शाळेत शिकवायची. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला कायदा गेला, ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी वस्तीवरच यायची. आई सांगायची, गाडीचा आवाज आला की पोरं पाटीवरचं तोंडही वर करायची नाहीत, हात मात्र आपोआप पाटीवर पसरायची. ते "काढू का हात" वाचून तेच आठवलं.

बाळासाहेब_प्र
विषय अमेरिकेचा आहे, इथलं राजकारण नको.

रानवारा_बीड
राजकारण नाही काका, आईची आठवण आहे.

कर्णिक_डॅलस
ऐकू न येण्याचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. ओक्लाहोमा सिटीत सप्टेंबर २०१७ मध्ये एक ३५ वर्षांचा बहिरा माणूस स्वतःच्या घरासमोर मारला गेला. हातात धातूची नळी होती. शेजारी ओरडत होते, त्याला ऐकू येत नाही! पितळी मुठीची काठी घरी ठेवा. साधी, हलकी घ्या. आणि साडेपाच नको, उजाडल्यावर.
शेजारच्या चार घरांत आबांना घेऊन जा, ओळख करून द्या. फोन शेजारीच करतात. फोर्ट वर्थला २०१९ मध्ये शेजाऱ्याने काळजीपोटी फोन केला होता, घराचं दार उघडं दिसलं म्हणून, आणि पोलिसाने खिडकीतून आतल्या तरुणीलाच गोळी घातली. ती घरात भाच्याशी व्हिडिओ गेम खेळत होती. त्याला जवळपास १२ वर्षांची शिक्षा झाली, पण तिचं काय.

अॅड_शंतनू
कर्णिकांशी सहमत. कागद असा करा, एका ओळीत एकच गोष्ट:

पोलीस दिसला की जागीच थांबायचं.
घराकडे चालायला लागायचं नाही. घर बोटाने दाखवायचं नाही.
दोन्ही हात खाली, पंजे उघडे, खिशापासून लांब.
कानाला हात लावायचा नाही. मशीन वाजलं तरी नाही.
त्याने हात धरला तर हात ओढायचा नाही.
गळ्यातलं कार्ड त्याला दिसू द्यायचं. आपण काढून द्यायचं नाही.

कार्ड सदऱ्याच्या वर लटकलेलं हवं, खिशात नाही. त्यावर ठळक इंग्रजीत: मला ऐकू येत नाही, इंग्रजी येत नाही, हा माझ्या सुनेचा फोन. मागे आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रत. टेक्ससमध्ये पायी चालणाऱ्याला नुसतं थांबवलं असताना नाव न सांगणं हा गुन्हा नाही, खोटं सांगणं आहे. अटक झाली तर नाव, पत्ता, जन्मतारीख द्यावीच लागते, आणि भारतीय वकिलातीला कळवा म्हणायचा हक्क आहे. आबांना इंग्रजीत सांगता येणार नाही, म्हणून ते तुम्ही म्हणा; वकिलात ह्यूस्टनला आहे.
यातलं काहीही केलं नाही म्हणून मार खाणं आबांची चूक ठरत नाही. अथर्वलाही हे सांगा.

मृण्मयी_क
शंतनूदादा, कर्णिककाका, सुलभाताई, मनापासून आभार. कागद छापला. कराडला व्हिडिओ कॉल लावून काल आबांकडून सात वेळा करून घेतलं. अथर्व पोलीस झाला, तो म्हणाला मीच होतो. "थांबा" ओरडला की पाच वेळा आबांचा हात कानाकडे गेला. सहाव्या वेळेला अर्ध्यातून खाली आला. सातव्याला खाली राहिला, पण मूठ वळलेली होती. आज संध्याकाळी पुन्हा करणार आहोत.
आता एकच: कार्डासाठी गळ्यात घालायची, झटका दिला की सुटणारी पट्टी हवी आहे, नाहीतर ओढाओढीत गळा आवळायचा. डॅलसजवळ दुकानात मिळेल का? बुधवारपर्यंत हवी.