व्हिडिओ कॉलवर आजीसोबत मातीकाम: नाटक म्हणणाऱ्यांना उत्तर

मेहरूणची लेक:
काल इथे एकाने लिहिलं की परदेशातले लोक आजीला व्हिडिओ कॉलवर बसवून पोरांकडून मातीकाम, कागदकाम करून घेतात ते सगळं नाटक, आईबापाला तेवढा वेळ मोकळीक हवी असते, आजी हवी तर गावाला या. वाचल्यापासून डोकं फिरलंय. मी जर्मनीत, आई जळगावला. गुलाबाई म्हणजे आमचा खानदेशातला मुलींचा सण, मूर्ती मांडून गाणी म्हणायचा; ती भाद्रपद पौर्णिमेला बसते न् कोजागिरीला उठते, तेव्हा इथे शाळा चालू, कशी येणार सांगा? म्हणून मागच्या वर्षी आईने फोनवरून लेकीकडून मूर्ती करून घेतली. इथे संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे साडेआठ, आईचं जेवण झालेलं असतं, निवांत बसते. शाडू नाही मिळाला, दुकानातली वाळणारी पांढरी माती घेतली, तर आई म्हणे पाणी कमी लाव, तडा जाईल, आधी बूड रुंद कर मग मान. हे मला कुठे येत होतं? आणि मोकळीक कसली, मी शेजारी बसून फरशी पुसत होते. गुलाबाईचा खाऊ ओळखायचा खेळ पण झाला, डबा कॅमेऱ्यासमोर वाजवून.

शिरपूरकर:
ताई राग नका मानू पण मी त्या पोस्टशी सहमत. पोळ्याचा मातीचा बैल आजीजवळ बसून करायचा असतो, आजी आपला हात धरून शिंगं वळवते, ते फोनमधून कसं होणार? माझ्या भावाचं पोरगं पुण्याला, दहा मिनिटात उठून पळतं न् आमची माय रिकाम्या खोलीकडे बघत बसते, "काय करी ऱ्हायना रे भाऊ" विचारत. मला ते बघवत नाही. आणि स्क्रीनचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१९ मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको.

मेहरूणची लेक:
ते बसून नुसतं बघत राहण्याबद्दल आहे हो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालच्यांना स्क्रीन नको म्हणताना व्हिडिओ कॉल वगळला होता, कारण समोरचं माणूस उत्तर देतं. अर्धवट नका सांगू.

पारोळ्याची सून:
तुम्ही दोघं भांडा, पण इकडे फोन कोण धरतं ते कोणी विचारलं का? मी धरते. दिराची पोरं अमेरिकेत, त्यांची सकाळ म्हणजे आमची ऐन स्वयंपाकाची वेळ. एका हातात फोन, गॅसवर भाजी, आणि सासूबाई म्हणतात जरा खाली धर, वाती वळताना बोटं दिसत नाहीयेत नातीला. सरकी काढलेला कापूस मीच आणून द्यायचा, पसारा मीच आवरायचा. माझा पोरगा त्याच घरात राहतो, त्याला आजी कधी कागदाची होडी करून देत नाही. परवा विचारत होता, मी पण लांब गेलो तर आजी माझ्यासोबत करेल का?

मेहरूणची लेक:
तुमच्या घरातला राग माझ्यावर का? माझी आई एकटी राहते, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते.

पारोळ्याची सून:
राग नाही, खरं बोलतेय. लांबची नातवंडं कौतुकाची न् जवळची पायात येणारी, हे घरोघरी आहे. तुम्हा बाहेरच्यांना दिसत नाही कारण कॅमेरा आमच्याकडे नसतो.

यावलवाला:
१००% बरोबर वहिनी. आमच्याकडे सुट्टीत येणाऱ्यांसाठी पापड, शेवया वेगळ्या काढून ठेवतात, वर्षभर म्हाताऱ्यांचं करणाऱ्यांना काय?

शिरपूरकर:
विषय कुठे गेला राव, पापडांवर.

यावलवाला:
विषय हाच आहे. तुम्ही पण बाहेरून बोलणारेच, मायला दवाखान्यात कोण नेतं ते सांगा आधी.

शिरपूरकर:
मीच नेतो. माहिती नसताना बोलू नका!

भुसावळ जंक्शन:
मी स्वतः आजोबा, रेल्वेतून रिटायर. सगळे आमच्याबद्दल बोलताय, आम्हाला काय हवं ते कोणी विचारत नाही. नातू कॅनडात, त्याच्यासोबत काडेपेट्यांची मालगाडी करतो. हात धरता येत नाही हे शिरपूरकरांचं खरं, ते दुःख आहेच. पण उपाय आहेत. फोन समोर उभा ठेवला की पोराला आपले हात उलट दिसतात, त्यामुळे ते गोंधळून पळतं. दोन खुर्च्यांवर फळी टाका, फळीच्या कडेबाहेर मागचा कॅमेरा येईल असा फोन स्क्रीन वर करून आडवा ठेवा, मग आपले हात त्याला स्वतःच्या हातांसारखे दिसतात. कोणी धरायची गरजच नाही. आणि दोन्हीकडे सामान आधी सारखं काढून ठेवा. सूनबाईंचं म्हणणं मात्र मनाला लागलं. आमच्या घरात पण धाकटी नात दारात उभी राहून बघायची, आता तिला डबे जोडायला शेजारी घेतो, दोघं भावंडं फोनवर इंजिन कोणाचं यावर भांडतात.

शिरपूरकर:
काका तुम्ही घ्या, तुम्हाला जमतं. फळीचं मायसाठी करून बघतो. बैल मात्र गावातच व्हायला पाहिजे, त्यावर मी ठाम आहे.

पारोळ्याची सून:
फळी आहे घरात. पण वेळ मी ठरवणार, रविवारी रात्री, भांडी झाल्यावर, तेव्हा त्यांच्याकडे पण सकाळच असते. माझा पोरगा सासूबाईंच्या शेजारी बसेल, मागे नाही. दिरांना आजच कळवते.

मेहरूणची लेक:
कळवाच. नाही ऐकलं तर हा धागा पाठवा त्यांना.