कागदावर दहा लाख तास, आमच्याकडं तीन वर्षांत नऊ डिस्क गेल्या

परभणीकर: नमस्कार मंडळी. शेतकऱ्यांच्या माती परीक्षणाच्या नोंदी ज्या सर्व्हरवर आहेत, ते मी सांभाळतो. 64 हार्ड डिस्क, तीन वर्षं रात्रंदिवस चालू. कंपनीच्या कागदावर एमटीटीएफ, म्हणजे बिघडेपर्यंत सरासरी चालण्याचा वेळ, 10 लाख तास. 64 × 3 × 8,760 म्हणजे 16,81,920 तास, म्हणजे पावणेदोनच्या आत डिस्क जायला हव्या होत्या. गेल्या नऊ! त्यातल्या तीन मे महिन्यात, लाईट आल्यावर दोन दिवसांत. मी तर उन्हालाच दोष दिला होता. आता नवीन मागणी लिहायचीय. हिशोबाचं मॉडेल चुकलं की माझी मोजणी?

लातूरकर: मोजणी बरोबर आहे. 1.68 सरासरी धरून पॉयसॉननं (क्वचित घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील याची शक्यता काढायचं सूत्र) काढलं, तर नऊ किंवा जास्त जाण्याची शक्यता दहा हजारांत एकही भरत नाही. 2007 साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कागदानुसार वर्षाला जास्तीत जास्त 0.88 टक्के जायला हव्यात, प्रत्यक्षात बदलाव्या लागल्या त्या बऱ्याच ठिकाणी 2 ते 4 टक्के, कुठं 13 पर्यंत. तुमच्या 4.7 टक्के होतात. पण त्यांनी मोजल्या त्या बदललेल्या डिस्क. तुमच्या नऊपैकी खरंच बिघडलेल्या किती?

परभणीकर: सात. दोन दुसऱ्या मशीनला लावल्या तर नीट चालल्या. हे मी कधी वेगळं लिहिलंच नव्हतं.

नांदेडकर: उन्हाचं घाईनं ठरवू नका. गूगलनंही 2007 मध्येच आपल्या डिस्क तपासल्या, तिथं तापमान आणि बिघाड यांचा संबंध वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. स्मार्टमधून (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यातून) डिस्कचंच तापमान काढा, खोलीचं नको. आपल्याकडं ऊन वाढलं की लाईटही जास्त जाते, मग दोष कुणाचा ते कळत नाही. मला काळजी त्या तिघींची वाटते. साधं मॉडेल धरून चालतं की एक गेली म्हणून दुसरी जात नाही, आणि रेड-5 चा (एक डिस्क गेली तरी माहिती वाचवणारी जोडणी) सगळा भरवसा त्यावरच. एकाच सर्व्हरवर होत्या का?

परभणीकर: दोन होत्या. रेड-6 होतं, दोन गेल्या तरी चालतं, म्हणून नोंदी वाचल्या. रजिस्टर काढलं: सातपैकी पाच तारखा लाईट गेल्याच्या दुसऱ्याच दिवशीच्या!

नांदेडकर: तीन वर्षांत लाईट एकूण किती दिवस गेली? रोजच जात असेल तर पाच जुळणारच.

परभणीकर: खरंय. यूपीएसच्या लॉगमधून मोजायला बसलोय. पहिलं वर्ष झालं.