बर्फपेटीची चीर भरण्यासाठी कोणता प्लास्टिक वेल्डिंग रॉड घ्यावा?

मालीम_ट्रॉलर:
नमस्कार. आमचा ट्रॉलर गोव्यातील मालीम जेटीवर असतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळातच जाळी, इंजिन आणि पेट्या यांची दुरुस्ती उरकावी लागते. यंदा दोन मोठ्या बर्फपेट्यांना तळाच्या कोपऱ्यात वीतभर चीर पडली आहे. पेट्या दुहेरी भिंतीच्या असून मधे फोम भरलेला आहे. हार्डवेअरच्या दुकानात ‘प्लास्टिक वेल्डिंग रॉड’ म्हणून मिळालेला पांढरा, ३ मिलिमीटरचा रॉड आणि हॉट एअर गन आणून मी एक चीर भरली. काम दिसायला नीट झाले होते, परंतु दुसऱ्या दिवशी पेटी उचलताना सगळा रॉड दोरीसारखा अखंड निघून हातात आला. त्याची खालची बाजू अगदी गुळगुळीत होती. माझे रॉड निवडताना चुकले की वापरताना? या हंगामात नवी पेटी परवडणार नाही, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वेर्णा_फॅब्रिकेशन:
आम्ही वेर्णा औद्योगिक वसाहतीत पीपी आणि पीव्हीसी या प्लास्टिकच्या टाक्या व हवा वाहून नेणारे डक्ट तयार करतो. खालची बाजू गुळगुळीत राहिली याचा अर्थ रॉड वितळला, पण पेटीचे प्लास्टिक वितळले नाही, किंवा दोन्ही वितळूनही एकमेकांत मिसळले नाहीत. रॉड हा गोंद नाही. ज्या प्लास्टिकची वस्तू, त्याच प्लास्टिकचा रॉड असावा लागतो. तुमच्यासारख्या पेट्या बहुधा रोटोमोल्डिंगने (फिरत्या साच्यात प्लास्टिक वितळवून) केलेल्या पॉलिइथिलीनच्या असतात. दुकानातला पांढरा रॉड पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा असू शकतो. हे दोन्ही दिसायला सारखे, दोन्ही पाण्यावर तरंगतात, आणि तरीही एकमेकांना भरवशाने चिकटत नाहीत. त्यामुळे ‘पाण्यात टाकून बघा’ हा नेहमीचा सल्ला इथे उपयोगी पडत नाही. त्या परीक्षेने बुडणारे पीव्हीसी आणि एबीएस यांसारखे प्लास्टिक एवढेच वेगळे काढता येतात.

नखाने ओरखडून पाहा. पॉलिइथिलीन मेणासारखे लागते आणि त्यावर नखाचा वळ उठतो. पीपी अधिक कडक असते. लहानसा तुकडा जाळून विझवला, तर पॉलिइथिलीनला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो. तरीही मी शेवटचा निर्णय एकाच चाचणीवर सोडतो. पेटीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, रॉडचे दोन इंच वेल्ड करावेत, पूर्ण थंड होऊ द्यावेत आणि मोकळे टोक पक्कडीत धरून ओढावे. रॉड स्वच्छ सुटून आला तर तो रॉड या पेटीचा नव्हे. तो ताणून तुटला किंवा पेटीचा पापुद्रा घेऊन आला, तर तोच घ्यावा.

आता वापराविषयी. उन्हात राहिलेल्या पेटीचा वरचा थर ऑक्सिडाइझ (हवा-उन्हाने खराब) झालेला असतो आणि त्यावर वेल्ड बसत नाही, म्हणून चिरेच्या दोन्ही बाजू स्क्रॅपरने खरवडून ताजे प्लास्टिक उघडे करावे आणि त्याच दिवशी वेल्ड करावे. रॉडही हलका खरवडावा. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, नाहीतर ती पुढे सरकत राहते. त्यानंतर व्ही आकाराची, सुमारे ६० अंशांची खाच करावी. पॉलिइथिलीनसाठी नोझलच्या तोंडाशी हवा सुमारे ३०० अंश सेल्सिअस असावी. गनच्या डायलवरील आकडा आणि तोंडाशी असलेले तापमान यांत बराच फरक पडतो, विशेषतः जेटीवर व्होल्टेज कमी असेल तेव्हा. साध्या नोझलने काम करताना रॉड पृष्ठभागाशी काटकोनात धरून हलका दाब द्यावा आणि नोझल पंख्यासारखे हलवत रॉड व खाच दोन्ही सारखे तापवावेत. रॉडच्या दोन्ही कडांना वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ एकसारखी उमटली, तर वेल्ड बसला असे समजावे. खोल खाच एका रॉडने भरू नये. दोन-तीन थर द्यावेत, मधे थंड होऊ द्यावे आणि पाणी ओतून घाईने गार करू नये.

शापोरा_कायाक:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त फोमची गोष्ट राहिली. चिरेतून पाणी शिरले असेल तर फोम ओला आहे. गरम हवा लागताच त्याची वाफ होऊन ती वेल्डमध्ये बुडबुडे करते, आणि वरून सुंदर दिसणारा वेल्ड आतून पोकळ राहतो. पावसाळ्यात ऊन नसते, म्हणून पेटी उलटी करून काही दिवस पंख्याखाली ठेवावी. फोम तापला की विषारी वायू निघतात, तेव्हा काम हवेशीर जागी करावे. पण जेटीवरचा वारा थेट नोझलवर येऊ देऊ नये.

रॉडसाठी मी आमच्या निकामी झालेल्या कायाकमधून (वल्ह्याने चालवायच्या लहान प्लास्टिक होडीतून) चार-पाच मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून वापरतो. त्याच प्लास्टिकची पट्टी असल्याने जोड नीट बसतो आणि रंगही जुळतो. बाजारातून घ्यायचा झाल्यास एलएलडीपीईचा (पॉलिइथिलीनचाच एक प्रकार) आहे का, हे नक्की विचारावे. डेकवर उन्हात राहणाऱ्या वस्तूला काळा रॉड चांगला, कारण त्यातील कार्बन ब्लॅक उन्हाचा मारा सोसतो.

मालीम_ट्रॉलर:
आपण दोघांचे मनःपूर्वक आभार. आज तळाशी चाचणी घेतली. दुकानातला रॉड स्वच्छ सुटून आला. जुन्या पेटीच्या तुटक्या झाकणातून कापलेली पट्टी मात्र पक्कडीने ओढली तेव्हा मधेच तुटली, पण सुटली नाही. पेट्या पंख्याखाली ठेवल्या आहेत. हीच पट्टी मासळीच्या फुटलेल्या क्रेटना आणि होडीच्या फायबरलाही चालेल काय?

वेर्णा_फॅब्रिकेशन:
क्रेट सामान्यतः इंजेक्शन मोल्डिंगचे (वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून केलेले), एचडीपीईचे, म्हणजे पॉलिइथिलीनच्याच अधिक कडक प्रकाराचे असतात. त्यांना ३ मिलिमीटरचा एचडीपीई रॉड घ्यावा आणि तीच ओढण्याची चाचणी आधी करावी. क्रेटच्या भिंती पातळ असल्याने जाड रॉड तापेपर्यंत क्रेटच वाकडे होते. होडीच्या फायबरला वेल्डिंग चालणार नाही. त्यातील रेझिन एकदा घट्ट झाले की उष्णतेने पुन्हा वितळत नाही, फक्त करपते. तिथे खराब भाग घासून काढून काचतंतूची चटई आणि रेझिन यांचेच थर द्यावे लागतात.