शनिवारी कुठे जाता? आजीला खरं सांगायचं की नाही

कृष्णाकाठची
गेले पाच महिने डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहितेय, थोडं लांबेल. मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. जूनमध्ये क्लासची टेस्ट चालू असताना तिला एकदम धडधडायला लागलं, हाताला मुंग्या, श्वास पुरेना, आपण आता मरणार असंच तिला वाटलं. सरांचा फोन आला तशी मी बँकेतून पळत गेले. ईसीजी झाला, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. पुढच्या तीन आठवड्यांत अजून चार वेळा तसंच. मग आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच सांगितलं की हे पॅनिक अटॅक आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तेव्हापासून एक शनिवार आड कऱ्हाडहून कोल्हापूरला जातो, तिथल्या मॅडम तिच्याशी तासभर बोलतात, श्वासाचे व्यायाम, विचार कागदावर लिहून तपासायचे वगैरे. ऑगस्टपासून डॉक्टरांनी एक गोळीही चालू केलीय. खूप फरक आहे. गेल्या महिन्यात एकदाच झालं, तेही तिने वर्गात बसून स्वतःचं स्वतः निभावलं, दहा-बारा मिनिटांत शांत झाली.

प्रश्न घरचा आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ७४. नवऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवलं की कुणालाच सांगायचं नाही. मग आजींना सांगितलं काय, तर पोरीच्या दातांना तारा लावायच्यात, म्हणून कोल्हापूर. आता पाच महिने झाले तरी तारा काही दिसत नाहीत म्हटल्यावर माणूस विचारणारच ना. दिवाळीत नणंद आली होती, तिने फराळाच्या ताटावरच विचारलं, बघू गं तारा. पोरगी पटकन म्हणाली, आत्या आधी दोन दात काढायचेत, जागा करायचीय, मग तारा. इतकं सहज की मीच बघत राहिले. रात्री माझ्या अंथरुणात येऊन म्हणाली, "आई, मला आता खोटं बोलताना धडधडत पण नाही."

तेव्हापासून मला झोप नाही. माझं मत आता पक्कं झालंय, आजींना सांगायचं. तिला कावीळ झाली असती तर आपण दारात पथ्याची चर्चा केली असती. आपण लपवतोय म्हणजे हे लाज वाटण्यासारखं आहे असंच ती शिकणार, आणि तिकडे मॅडम पैसे घेऊन तिला बरोबर उलटं शिकवतायत. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी
ताई, नाही पटलं, आणि मी हे भोगून सांगतेय. बारावीला मला डिप्रेशनच्या गोळ्या होत्या, दीड वर्ष. आईने एका मावशीला सांगितलं, फक्त एका. मावशीने काळजीपोटी मामीला. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं हे आजही म्हणेन. मी सव्वीस वर्षांची असताना लग्न ठरलं, सुपारीच्या दोन दिवस आधी मुलाकडून निरोप आला की मुलगी डोक्याच्या गोळ्या खाते असं कळलंय. गोळी बंद होऊन सात वर्षं झाली होती! आईने त्या दिवशी जे रडून घेतलंय ना. बाहेर गेलेली गोष्ट परत आत घेता येत नाही. तुमची मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिच्या पंचविशीतल्या आयुष्याचा निर्णय तुम्ही आज तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला घेऊ नका, थोडं कठोर वाटेल पण खरंच असंच वाटतं मला.

कृष्णाकाठची
वाचून पोटात कालवलं गं. पण एक विचारू, ते स्थळ गेलं त्याचं दुःख जास्त झालं की आपल्या घरात हा विषय सात वर्षं कुणी काढलाच नाही त्याचं?

रात्रपाळी
दोन्हीचं. पण पहिल्याने आईबाबा खचले आणि ते मला बघवलं नाही.

चिंचेचं झाड
मी स्वतः आजी आहे, ६८, शाळेत शिकवून निवृत्त. आमच्याकडे मुलगा-सून दोघांनी असंच लपवलं होतं, नातू अकरावीत असताना. मला एक दिवस कचऱ्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. नाव वाचता आलं पण कशाचं ते कळेना, विचारलं तर "व्हिटॅमिन आहे". व्हिटॅमिनचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून कोण टाकतं हो? मला वाटलं पोराला काहीतरी मोठं झालंय, कॅन्सर-बिन्सर, आणि मी म्हातारी म्हणून सांगत नाहीयेत. पंधरा दिवस झोपले नाही, देवापुढे बसून नुसती रडायची. शेवटी नातवानेच सांगितलं, आजी मला भीती वाटते सारखी, त्याचं औषध आहे. एवढंच! मी त्याला म्हटलं, अरे मलाही मेनोपॉजच्या वेळी वाटायची, रात्री उठून गॅलरीत उभी राहायचे, तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. त्यानंतर तो क्लासहून आला की आधी माझ्याजवळ बसतो. आम्हाला काही समजत नाही असं आधीच ठरवून टाकू नका.

माणदेशी
काकू तुमच्यासारख्या आजी सगळ्यांच्या नशिबात नसतात. माझ्या चुलतभावाला चोवीसाव्या वर्षी कानात आवाज ऐकू यायचे, सांगलीत औषध चालू झालं होतं आणि लागूही पडत होतं. घरातल्या थोरल्या बाईने, प्रेमानेच, देवऋषी गाठला. बाहेरचं आहे, गोळ्या बंद करा, एकवीस अमावास्या करा. तीन महिन्यांत तो परत होता तिथे, उलट जास्त बिघडला, नंतर दवाखान्यात ठेवावं लागलं. म्हणून म्हणतो, सांगायचं ते माणूस बघून. सासूबाई आजारपणात आधी काय करतात, डॉक्टरकडे चला म्हणतात का मीठ-मोहरी घेऊन येतात, ते तुम्हालाच माहीत असणार.

कृष्णाकाठची
दोन्ही करतात :) मीठ-मोहरीही ओवाळतात आणि बीपीची गोळी घड्याळ लावून घेतात. जूनमध्ये पोरीची दृष्ट काढली होतीच, मी काढू दिली, त्यात तिला बरंच वाटलं.

औषधवाला सांगलीकर
माझं दुकान आहे औषधांचं, तेवीस वर्षं. इज्जत-लग्न यावर मी बोलत नाही, एक वेगळी बाजू सांगतो जी वर कुणी काढली नाही. दिवसभर घरी कोण असतं? तुम्ही बँकेत, साहेब कामावर, म्हणजे शाळेतून आल्यावर पोरगी आजीजवळ. तिला सर्दी-खोकला झाला तर कपाटातलं सिरप कोण देणार, आजी. या भीतीच्या-नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या एसएसआरआय गटातल्या असतात, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करणाऱ्या. त्यांच्याबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप डॉक्टरला न विचारता देऊ नये, आणि आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी वरचेवर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आजींच्या स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्या घरात असणारच, पाळीत पोट दुखलं की "घे माझ्यातली अर्धी" हे किती घरांत होतं मला माहीत आहे.

दुसरं म्हणजे ही औषधं नवीन चालू केली किंवा डोस बदलला की पहिले काही आठवडे मुलांवर आणि पंचविशीच्या आतल्यांवर नीट लक्ष ठेवायला सांगतात, एकदम चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, जिवाचं काही बोलणं, असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायची नाहीत, हळूहळू कमी करावी लागतात. आता हे लक्ष संध्याकाळी सहापर्यंत ठेवणार कोण? जिला काही माहीतच नाही ती?

रात्रपाळी
हा मुद्दा मात्र मी धरलाच नव्हता. पण त्यासाठी आजीला "कुठलंही औषध आम्हाला विचारल्याशिवाय देऊ नका" एवढं सांगितलं तरी काम होतं की.

औषधवाला सांगलीकर
का देऊ नको हे कळल्याशिवाय आजी लोक ऐकत नाहीत ताई, माझ्या आईवरून सांगतो. आणि सिरपचं जमेल, पण लक्ष ठेवायचं कसं सांगणार?

बापमाणूस
सगळेजण नवऱ्याला बाजूला ठेवून बोलताय. मी त्याच्या जागी होतो म्हणून लिहितो. मुलाला ओसीडी (तेच तेच विचार येणं, तीच कृती परत परत करणं) निघालं तेव्हा मीही पहिलं वाक्य हेच बोललो होतो, कुणाला सांगायचं नाही. बायकोला वाटलं मला लाज वाटते. लाज नव्हती हो, भीती होती. लहानपणी आमच्या वाड्यात एक काका होते, त्यांना सगळे एकच शब्द वापरायचे, पोरं दगड मारायची, मी पण एकदा मारलाय. मुलाचं नाव आणि तो शब्द एकत्र यायला नको एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे मी बायकोला सांगू शकलो नाही, फक्त "नाही म्हणजे नाही" म्हणत राहिलो. तुमच्या मिस्टरांना एकदा विचारा, तुला नक्की कोणाची भीती वाटते. आईची का भावांची का अजून कुणाची.

बाकी माझं मत, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबा. फेब्रुवारी-मार्च किती लांब आहे. आत्ता घरात नवीन वादळ नको, आजी घाबरल्या, रोज विचारायला लागल्या "आज झालं का गं, आज झालं का गं", तर पोरीचं लक्ष दिवसभर छातीतल्या ठोक्यांवरच राहणार. पॅनिकवाल्याला सारखं विचारणं वाईट असतं.

ओसरी
शाळेत मुलांशी बोलायचं काम करते, अकरा वर्षं झाली. बापमाणूस यांचं सारखं विचारण्याबद्दलचं अगदी बरोबर आहे. पण आत्तापर्यंत सगळं वाचलं आणि एक गोष्ट खटकली. आई म्हणते सांगायचं, बाबा म्हणतात नाही, आणि आपण सगळे दोन पक्षांत वाटले गेलो. मुलीला कुणी विचारलं?

लपवणं आणि खासगी ठेवणं यात फरक आहे. माझं वजन किती, मी डायरीत काय लिहिते हे मी सांगत नाही, पण त्यासाठी गोष्टी रचत नाही. तारांची कहाणी रचली तिथे खासगीपणाचं लपवणं झालं आणि ते निभावायचं काम पंधरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडलं, फराळाच्या ताटावर उत्तर तिला द्यावं लागलं, तुम्हा दोघांना नाही. हे मला जास्त लागलं. त्याच वेळी "मी सांगणार, माझं ठरलंय" हेही मला चालत नाही, कारण आजार तिचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिलाय. मुलगी अठराच्या आत आहे म्हणून उपचारांचे निर्णय पालक घेतात ते ठीक, पण म्हणून तिची गोष्ट चारचौघांत न्यायची की नाही हे पालकांनी परस्पर ठरवावं असं मला नाही वाटत.

एक मात्र सगळ्यांनाच सांगते, आरोग्यविम्याच्या फॉर्मवर हे लपवू नका. याच कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं, पण माहिती दडवली असं दिसलं तर क्लेम अडकतो. आणि रात्री-अपरात्री काही वाटलं, डॉक्टर फोन उचलत नाहीत, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलीलाही माहीत असू दे.

माणदेशी
ओसरीताई, पंधरा वर्षांच्या पोरीला विचारलं तर ती नाहीच म्हणणार ना, या वयात कुणाला आपलं आजारपण सांगायचं असतं. मग औषधवाले दादा म्हणतायत त्या लक्ष ठेवण्याचं काय करायचं?

ओसरी
नाही म्हणेल असं आपण धरून चालतो. मुलांना कुणाला सांगायचं याची बऱ्यापैकी चांगली यादी डोक्यात असते, विचारून बघा.

कृष्णाकाठची
दोन दिवस लिहिलं नाही, घरात बरंच झालं. ओसरीताई, तुमचं वाक्य लागलं, कारण खरंच मी तिला विचारलं नव्हतं, मी तिच्या वतीने लढतेय असं समजत होते. रविवारी भाजी निवडताना विचारलं. ती म्हणाली, आजीला चालेल, पण मी समोर असताना सांगायचं, मी क्लासला गेल्यावर नाही. आत्याला नको, काकांना तर अजिबात नको. धडधडीचं सांग, मॅडमचं सांग, पण गोळीचं नको सांगूस, आजी रोज मोजत बसेल.

नवऱ्याशीही बोलले, बापमाणूस यांनी सांगितलं तसं विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला आई घाबरेल असं नाही, आई मला विचारेल की तू पोरीवर अभ्यासाचं एवढं दडपण का आणलंस. आठवीपासून ९५ च्या वर पाहिजेत हे त्याचंच होतं. मी काही बोलले नाही त्यावर. पण बोर्ड झाल्यावर बघू हे त्याचं अजूनही कायम आहे.

औषधवाला सांगलीकर
ताई, बाकी सगळं तिच्या मनासारखं करा, पण गोळीचं मात्र आजींना कळायलाच हवं. वर लिहिलंय तेच कारण.

रात्रपाळी
आणि मी म्हणते की ती जे एकच नको म्हणतेय तेच सांगितलं तर परत कधी ती तुम्हाला खरी यादी देईल का? मला आईने विचारलं असतं ना तर मीही मावशीच म्हटलं असतं कदाचित. विचारलं नाही हेच राहिलंय मनात.

ओसरी
हा पेच तुम्ही घरच्या घरी सोडवू नका. पुढच्या शनिवारी मुलीसमोरच डॉक्टरांना विचारा, घरात दुपारी असणाऱ्या माणसाला काय काय माहीत हवं. "आई म्हणते म्हणून" आणि "डॉक्टर म्हणतात म्हणून" यात मुलांना फरक पडतो. मोजण्याची भीती असेल तर गोळी तुमच्या ताब्यात ठेवा, आजींच्या नाही, हेही तिथेच ठरवा.

कृष्णाकाठची
हो, हे करते. या शनिवारी सासूबाईंनाही बरोबर नेतेय, महालक्ष्मीचं दर्शन त्यांना कधीपासून करायचंच होतं, पोरगी म्हणाली जाताना गाडीतच सांगू, म्हणजे आजी उठून कुणाला फोन करायला जाणार नाही. नवरा येणार की नाही अजून माहीत नाही. नणंदेला काहीच सांगणार नाही. तारांचं परत विचारलं तर काय म्हणायचं ते पोरीनेच सुचवलं, "तारा लावायच्या नाहीत असं ठरलंय." ते तर खरंच आहे.