व्हर्च्युअल बॉय: गेम २२, आवृत्त्या ३३. यादी नेमकी कशी ठेवायची?

लालपडदा

नमस्कार मंडळी,

निन्टेन्डोच्या व्हर्च्युअल बॉय या गेम कन्सोलचे गेम जमवतोय आणि यादी एक्सेलमध्ये ठेवतोय. एका गेमला एक ओळ असा हिशोब धरून २२ ओळी केल्या, पण आता तो हिशोब पुरत नाहीये. 'रेड अलार्म' जपानी आहे, अमेरिकी नाही, मग ती ओळ भरली म्हणायची की अर्धी? काही गेमची नावं दोन्हीकडे वेगळी आहेत. काहींचं नुसतं कार्ट्रिज आहे, काहींचा नुसता खोका.

जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत. ओळ नक्की कशाची असावी? दुर्मिळ जपानी गेम खरा की नकली, हे कशावरून ठरवायचं? एक कार्ट्रिज लावलं की डाव्या डोळ्यात आडव्या रेघा गायब दिसतात, तर यादीत ते कार्ट्रिज 'सदोष' लिहू का? आणि सेव्ह होणाऱ्या गेमच्या बॅटरीचं काय करायचं?

कार्ट रीडर (कार्ट्रिजमधला मजकूर संगणकावर उतरवणारं यंत्र) आणि व्हर्च्युअल बॉयचा अ‍ॅडॉप्टर हाताशी आहे, त्यामुळे प्रत्येक गेमचा चेकसमही (मजकुरावरून काढलेला, ओळख पटवणारा आकडा) यादीत टाकायचा विचार आहे.

---

पिन६०

लालपडदा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

ओळ गेमची नको, हातात धरता येणाऱ्या वस्तूची हवी. त्यासाठी दोन शीट करा. पहिली शीट संदर्भाची, म्हणजे बाजारात काय काय आलं त्याची. ती एकदा भरली की बदलत नाही. दुसरी तुमच्या संग्रहाची, ती रोज बदलू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच शीटमध्ये कोंबल्या की 'अर्धी ओळ' हा प्रश्न येतोच.

संदर्भाच्या शीटमध्ये ३३ ओळी येतील. जपानमध्ये १९ गेम आले, उत्तर अमेरिकेत १४. त्यातले ११ दोन्हीकडे आले, म्हणून वेगवेगळे गेम २२.

फक्त जपानमध्ये आलेले ८: इन्समाउस नो याकाता, एसडी गंडम डायमेन्शन वॉर, स्पेस इन्व्हेडर्स व्हर्च्युअल कलेक्शन, स्पेस स्क्वॉश, व्ही-टेट्रिस, व्हर्च्युअल बोलिंग, व्हर्च्युअल फिशिंग, व्हर्च्युअल लॅब.

फक्त अमेरिकेत आलेले ३: थ्रीडी टेट्रिस, नेस्टर्स फंकी बोलिंग, वॉटरवर्ल्ड.

उरलेले ११ दोन्हीकडे. नावांचा घोळ यांच्यातच आहे. 'पॅनिक बॉम्बर' जपानमध्ये 'टोबिदासे! पानिबॉन' आहे. अमेरिकी 'गोल्फ' म्हणजे जपानी 'टी अँड ई व्हर्च्युअल गोल्फ'. 'व्हर्च्युअल लीग बेसबॉल' तिकडे 'व्हर्च्युअल प्रो याक्यू ९५' आहे. 'जॅक ब्रदर्स'च्या जपानी नावाला लांब शेपूट आहे, 'नो मेइरो दे हीहो'. म्हणून नावाचे तीन कॉलम ठेवा: खोक्यावर छापलेलं मूळ नाव, त्याचा उच्चार, आणि दुसऱ्या देशातलं नाव. नावावरून दोन शीट जोडू नका. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा कायमचा क्रमांक द्या, ज-०१ ते ज-१९ आणि अ-०१ ते अ-१४, आणि जोडणी त्यावरच करा. लेबलवर व्हीयूईने सुरू होणारा निन्टेन्डोचा क्रमांक असतो. तो वेगळ्या कॉलममध्ये जसाच्या तसा, मधल्या रेघांसकट उतरवा.

संग्रहाच्या शीटमध्ये कार्ट्रिज, पिनांवरचं प्लॅस्टिकचं टोपण, खोका, आतला ट्रे, मॅन्युअल आणि सुटे कागद यांना वेगवेगळी ओळ द्या. 'कम्प्लीट' हा कॉलम हाताने भरू नका, तो सूत्राने निघू द्या. विकणारा 'कम्प्लीट' म्हणतो तेव्हा टोपण आणि सुटे कागद त्यात धरलेत की नाही हे कुणीच सांगत नाही. आणि एका प्रतीचा खोका दुसऱ्या प्रतीच्या कार्ट्रिजला लावला असेल तर 'जुळवलेली जोडी' असा शेरा मारायलाच हवा. पुढे कुणाला देताना तो प्रामाणिकपणा लागतो.

अमेरिकेत 'मारिओज टेनिस' कन्सोलसोबतच मिळायचा, म्हणून त्याची सुटी कार्ट्रिजं सगळ्यात जास्त दिसतात. त्या ओळीत 'कन्सोलसोबत आलेलं' हा शेरा ठेवा.

---

हेक्सएडिटर

पिन६०च्या मांडणीला +१. चेकसमचा कॉलम मात्र संदर्भाच्या शीटमध्ये हवा, आणि त्यात एक गंमत आहे: आवृत्त्या ३३ असल्या तरी वेगवेगळे रॉम (कार्ट्रिजमधल्या चिपवर लिहिलेला गेम) २८च भरतात.

निन्टेन्डोने स्वतः काढलेल्या पाच गेमचा रॉम जपानी आणि अमेरिकी कार्ट्रिजमध्ये एकच आहे: मारिओज टेनिस, मारिओ क्लॅश, गॅलॅक्टिक पिनबॉल, टेलिरोबॉक्सर आणि वारिओ लँड. उरलेल्या सहांचा वेगळा आहे. म्हणून या पाचांचा देश चेकसमवरून ओळखूच येत नाही. तो लेबलवरूनच लिहायचा. कन्सोलला रिजन लॉक (दुसऱ्या देशातला गेम अडवणारी सोय) नाही, त्यामुळे गेम चालला यावरूनही काही सिद्ध होत नाही.

डम्पची, म्हणजे रॉम फाइलमध्ये उतरवून घेण्याची, रीत अशी:

पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाची काडी पिनांच्या लांबीच्या दिशेनेच फिरवा, आडवी नाही, नाहीतर तंतू दोन पिनांच्या मध्ये अडकतात. काडी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा आणि पाच मिनिटं वाळू द्या. खोडरबर आणि धातूचं पॉलिश दोन्ही टाळा, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

मग डम्प घ्या, कार्ट्रिज काढून पुन्हा बसवा आणि दुसरा डम्प घ्या. दोन्ही फाइलींचा एसएचए-१ (चेकसमचा एक प्रकार) जुळला तरच पुढे जा. न काढता लागोपाठ दोनदा वाचण्यात अर्थ नाही. कनेक्टर वाकडा बसला असेल तर चूकही दोनदा तीच येते.

जुळला की नो-इंट्रो या गटाने ठेवलेल्या, अस्सल रॉमच्या चेकसमच्या यादीशी ताडून पाहा. तिथेही जुळला तर विषय संपला. नाही जुळला तर फाइलचा शेवट हेक्समध्ये उघडा. व्हर्च्युअल बॉयचा हेडर (गेमची ओळख लिहिलेला भाग) सुरुवातीला नसतो, शेवटून ५४४ बाइटवर असतो. पहिले २० बाइट नाव, शिफ्ट-जेआयएस या जपानी अक्षरांच्या एन्कोडिंगमध्ये. मग ५ बाइट राखीव, २ बाइट कंपनीचा कोड (निन्टेन्डोचा ०१), ४ बाइट गेमचा कोड आणि १ बाइट आवृत्ती. नाव वाचता येत नसेल तर एडिटरचं एन्कोडिंग बदलून पाहा, डम्प लगेच फेकू नका.

कंपनीचा आणि गेमचा कोड यादीत उतरवा. 'व्हर्च्युअल लॅब'च्या कवचात भलत्याच गेमचा रॉम निघाला, तर ते हेडरवरून तिथल्या तिथे कळतं.

---

लालपडदा

फारच उपयोगी. एक विचारतो. 'मारिओज टेनिस'चा डम्प २ एमबीचा आला. दोन्ही वेळा एसएचए-१ तोच, हेडरही बरोबर दिसतो, पण यादीशी जुळत नाही. कार्ट्रिज वेगळ्या आवृत्तीचं आहे का?

---

हेक्सएडिटर

नाही. त्याचा रॉम ५१२ केबीचाच आहे. रीडरला २ एमबी वाचायला सांगितलं की तोच मजकूर चार वेळा येतो, कारण छोट्या रॉमला वरच्या अ‍ॅड्रेस लाइन (चिपमधली जागा निवडणाऱ्या तारा) जोडलेल्याच नसतात. हेडर बरोबर दिसतो तोही त्यामुळेच, चौथ्या प्रतीचा शेवट तोच असतो. पहिले ५,२४,२८८ बाइट ठेवून बाकी कापा आणि पुन्हा ताडून पाहा.

पण 'दोन अर्धे सारखे निघाले, कापून टाका' हा नियम डोळे झाकून लावू नका. कार्ट्रिजची वरची एखादी अ‍ॅड्रेस पिन कनेक्टरला टेकली नाही तरी अर्धे सारखेच दिसतात. 'वारिओ लँड' खरोखर २ एमबीचा आहे. त्याचे अर्धे सारखे आले तर ती घाण पिन समजा. आधी यादीतला खरा आकार पाहा, मग कापा.

दुसरी ओळखीची खूण: डेटाची एखादी पिन सुटली असेल तर फाइलभर प्रत्येक १६-बिट शब्दातलं एकच ठरावीक बिट अडकून बसलेलं दिसतं. कुठले बिट ते कळलं की कुठली पिन पुसायची तेही कळतं.

---

तापलेली_कावी

डाव्या डोळ्यातल्या रेघांबद्दल: कार्ट्रिजला दोष देऊ नका, तो कन्सोलचा आहे.

प्रत्येक डोळ्यामागे २२४ एलईडींची एक उभी रांग असते आणि हलणारा आरसा ती रांग आडवी पसरवून ३८४ बाय २२४चं चित्र करतो. म्हणून एका एलईडीचा संपर्क तुटला की पूर्ण रुंदीची एक आडवी रेघ जाते. एलईडीच्या बोर्डाला जाणारी रिबन केबल कारखान्यात सोल्डर न करता चिकटवलेली आहे आणि वर्षांनी ती पकड सुटते. जवळजवळ प्रत्येक कन्सोल कधी ना कधी या वाटेने जातो.

ओळखायचं कसं? खराब कार्ट्रिजमुळे चित्र बिघडलं तर ते दोन्ही डोळ्यांत बिघडतं किंवा गेम सुरूच होत नाही, कारण दोन्ही चित्रं एकाच रॉममधून, एकाच चिपने काढलेली असतात. बिघाड एकाच डोळ्यात असेल तर तो त्या डोळ्याच्या केबलचा. दुसरं कार्ट्रिज लावून दहा मिनिटं थांबा. कन्सोल तापला की रेघा बदलतात, म्हणून 'या कार्ट्रिजला होतं, त्याला नाही' असा भास होतो.

केबल ओव्हनमध्ये गरम करून पुन्हा चिकटवायचा उपाय फिरत असतो. तो टिकत नाही, आणि उष्णता जास्त झाली तर केबलच जाते. कायमचा उपाय म्हणजे केबलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं आवरण हळूच खरवडून तांबं उघडं करणं आणि बोर्डावर सोल्डर करणं. कन्सोलला ४.५ मिमीचा गेमबिट (अशा खास स्क्रूंचा स्क्रूड्रायव्हर) लागतो, आणि स्क्रू खोल अरुंद भोकात असल्याने बारीक दांड्याचाच घ्या. जाड बिट आत उतरतच नाही. कार्ट्रिजला ३.८ मिमी.

आता बॅटरी. 'वारिओ लँड' आणि 'टेलिरोबॉक्सर' सेव्ह करतात. कार्ट्रिज उघडून मल्टिमीटर लावा. ३ व्होल्टच्या आसपास असेल तर तारखेसह आकडा यादीत लिहा आणि झाकून ठेवा. २.५च्या खाली असेल तर बदला. बॅटरीवर छापलेला नंबर पाहून त्याच नंबरची, पत्र्याचे पाय जोडलेली घ्या. साध्या नाण्यासारख्या बॅटरीवर थेट सोल्डरिंगची कावी टेकवली तर ती फुटू शकते. कावी ३३० ते ३५० अंश, प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंद, आणि जुनी काढण्याआधी अधिक-उणे खुणेचा फोटो. जुनी निघाली की सेव्ह पुसला जातो, म्हणून रीडर सेव्ह वाचत असेल तर तो आधी उतरवून घ्या.

'बॅटरी बदलली' हा शेरा यादीत हवाच. काही संग्राहकांना मूळ बॅटरीच हवी असते, मला त्यात तथ्य वाटत नाही. गळणारी बॅटरी बोर्ड खाते.

---

जुनीपेटी

खऱ्या-नकलीचं राहिलं, ते घेतो.

सर्वात दुर्मिळ चार म्हणजे एसडी गंडम, व्हर्च्युअल बोलिंग, व्हर्च्युअल लॅब आणि स्पेस इन्व्हेडर्स. चारही जपानमध्ये डिसेंबर १९९५मध्ये आले. कन्सोल तिथे जुलै १९९५मध्ये आला आणि डिसेंबरमध्येच थांबला, त्यामुळे हे गेम दुकानात जेमतेम पोचले. नकला याच चौघांच्या जास्त निघतात.

कार्ट्रिज उघडल्याशिवाय मत देऊ नका. बोर्डावर निन्टेन्डोचं नाव आणि त्यावर मास्क रॉम (कारखान्यातच गेम कोरलेली चिप) हवा. वर काही न छापलेली फ्लॅश चिप किंवा खिडकी असलेली ईप्रॉम (दोन्ही पुन्हा लिहिता येणाऱ्या चिप) दिसली तर ती नक्कल. विकणारा उघडायला तयार नसेल तर निदान पिनांचा जवळून फोटो मागा. नव्या बोर्डाच्या पिना एकसारख्या चकचकीत असतात, जुन्यावर घालण्या-काढण्याच्या बारीक रेघा दिसतात. हा पुरावा एकटा मात्र पुरेसा नाही.

खोका आणि लेबल दहापट भिंगाखाली पाहा. ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके नियमित फुलासारखे मांडलेले असतात आणि काळी अक्षरं सलग, धारदार असतात. इंकजेटमध्ये ठिपके विस्कटलेले आणि काळ्या अक्षरांच्या कडेला रंगीत शिंतोडे.

'व्हर्च्युअल लॅब'बद्दल खास लक्षात ठेवा. त्याच्या मूळ छपाईतच निन्टेन्डोचं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय, 'एन' दोन जागी दोनदा पडलाय. ती चूक असणं हे नकलीपण नव्हे. उलट स्पेलिंग दुरुस्त केलेली प्रत दिसली तर सावध व्हा.

'बाउंड हाय'सारखे त्या काळी कधीच बाजारात न आलेले गेमही कार्ट्रिजवर मिळतात. ते नंतर चाहत्यांनी काढलेले आहेत. त्यांना तिसरी शीट द्या, ३३च्या हिशोबात घेऊ नका.

स्थितीच्या कॉलमबद्दल माझं आणि पिन६०चं कदाचित जमणार नाही, पण दहापैकी गुण लिहू नका. 'खोका ८/१०' वाचून कुणाला काही कळत नाही. 'उजवा वरचा कोपरा ५ मिमी चेपलेला, मागे किमतीच्या स्टिकरचा डाग' असं लिहा आणि सहाही बाजूंचे फोटो जोडा. फाइलचं नाव आवृत्तीच्या क्रमांकाने सुरू करा: ज-१२_खोका_मागे.

ठेवताना पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यातलं प्लॅस्टिसायझर लेबलला चिकटतं. पीईटीचे कव्हर चालतात. आर्द्रता ४० ते ५० टक्के, आणि ऊन अजिबात नको, या खोक्यांचा लाल रंग आधी उडतो.

---

पिन६०

जुनीपेटी, जमलं की. गुणांचा कॉलम मीही ठेवत नाही. फक्त शेऱ्यातले शब्द ठरवून घ्या: चेपलं, फाटलं, उडालं, डाग, लिखाण. ठरावीक शब्द असले की फिल्टर लावून 'डाग असलेले सगळे खोके' एका क्लिकमध्ये निघतात. मोकळ्या वाक्यांचं वर्णन पुढच्या कॉलममध्ये.

लालपडदा, तुमच्या 'रेड अलार्म'चं उत्तर: ज-ची ओळ भरली, अ-ची रिकामी. दोघांचे रॉम वेगळे आहेत, त्यामुळे चेकसमही दोन येतील.