नव्या कॅम्पर व्हॅनची पाण्याची टाकी गळतेय: दुरुस्ती चालेल की टाकीच बदलून मागू?

ठाणेकरीण:
मंडळी, गाडीत बसवलेल्या पाण्याच्या टाक्यांची ज्यांना माहिती आहे त्यांचा सल्ला हवाय.

यंदा आम्ही व्हॅन कॅम्पर करून घेतली. मागच्या बिछान्याखाली १०० लिटरची पॉलिथिनची टाकी, शेजारी १२ व्होल्टचा पंप, पुढे सिंक आणि शॉवर. माळशेजला जाऊन आलो, सोसायटीत गाडी लावली, तर मागच्या उजव्या चाकापाशी पाणी ठिबकतंय हे वॉचमनने दाखवलं. बिछान्याची फळी उचलली. टाकीखालचा प्लाय कडेने फुगलाय आणि सनमायका बोट जाईल इतका सुटलाय. नवी गाडी आणि आत कोंदट वास!

गाडी बांधणारा आधी म्हणाला, "मॅडम, एसीचं पाणी असेल." एसी बंद ठेवला तरी गळतंच. मग म्हणाला ओव्हरफ्लोची नळी. ती डावीकडे उतरते आणि कोरडी ठणठणीत आहे. आता म्हणतो, घेऊन या, सिलिकॉन मारून देतो.

आम्ही घरी थोडं तपासलं. पंपाचं बटण बंद, नळ बंद, तरी ठिबकतंच. पंप चालू ठेवून नळ बंद केले तर पंप मधूनच घुर्र करत नाही, म्हणजे पुढच्या पाइपांत गळती नसावी. टाकी गच्च भरली की ठिबकतं आणि पाणी पाऊण टाकीवर उतरलं की आपोआप थांबतं. उजव्या बाजूला जवळपास त्याच उंचीवर पाणी भरायच्या पाइपाचा निपल आहे. त्याच्या नटाखाली टिश्यू धरला तर लगेच भिजला. टॉर्च मारल्यावर निपलच्या भोकापासून खाली केसाएवढी पांढरी रेघ दिसते. नख फिरवलं की लागल्यासारखी वाटते. हा पाइप कडक सीपीव्हीसीचा आहे आणि बॉडीच्या पत्र्यापासून सरळ टाकीत घुसलाय.

सिलिकॉन टिकेल का? टाकी बदलायची तर बिछाना आणि कपाट सोडवावं लागेल म्हणून तो टाळतोय. गाडी वॉरंटीत आहे.

डिझेलकाका:
ताई, सिलिकॉनला हो म्हणू नका. पॉलिथिनला ना सिलिकॉन धरत, ना एम-सील, ना फेव्हिक्विक. वरवर बसल्यासारखं दिसतं आणि पहिल्याच घाटात सुटतं. चीर असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी आणि गरम हवेची गन घेऊन वेल्डिंग करतात. त्याआधी चिरेच्या टोकाला बारीक भोक मारतात, म्हणजे ती पुढे पळत नाही. टाकीच्या सपाट भागावर हे काम चांगलं टिकतं. तुमची रेघ मात्र निपलच्या भोकातूनच निघालीय, तिथे ताण कायम राहणार. नव्या गाडीत ठिगळ कशाला? टाकीच मागा.

पण खरा चोर तो सीपीव्हीसी पाइप आहे. भरलेल्या टाकीत १०० किलो पाणी असतं. ब्रेक मारला, वळण घेतलं की टाकी थोडीतरी सरकणार, आणि पाइप तर पत्र्याला जखडलेला. सगळा झटका त्या भोकाच्या कडेवर येतो. वरून कारागिराने नट पान्याने आवळून आवळून बसवला असेल तर विचारूच नका. पाइप तसाच ठेवला तर नवी टाकीही तिथेच फुटेल. मध्ये हातभर लवचिक फूड-ग्रेड होज टाकायला सांगा, दोन्ही टोकांना क्लिपा, टाकीखाली रबराची मॅट आणि वरून पट्टे. निपलला आतून-बाहेरून रबरी वॉशर हवा. नुसत्या टेफ्लॉन टेपवर भागवतात काही जण.

हवेची नळीही बघून घ्या. ती बारीक असेल आणि तुम्ही सोसायटीच्या नळाला पाइप लावून जोरात पाणी सोडलं, तर टाकी फुगते आणि जोडांवर दाब येतो.

खाडीपलीकडचा:
मी नेरूळचा. तांत्रिक बाजू काकांनी सांगितलीच. फोनवर बोलणं बंद करा आणि सगळं ईमेलने लिहा. ठिबकणाऱ्या निपलचा व्हिडिओ, फुगलेल्या प्लायचे फोटो, वॉरंटीचा कागद सोबत जोडा. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, त्यासाठी २ वर्षांची मुदत असते. आणि प्लायही बदलून मागा. ठाण्याच्या पावसाळ्यात फुगलेला प्लाय वाळत नाही, बुरशी धरतो.

ठाणेकरीण:
दोघांचे आभार. मेल टाकल्यावर सूर बदलला. टाकी आणि प्लाय बदलून देतो म्हणालाय, पण लवचिक होजचे पैसे वेगळे मागतोय. द्यावेत का?

डिझेलकाका:
पैसे कसले? चूक जोडणीची आहे, ती त्याने सुधारायची. अगदीच अडून बसला तर त्या होजसाठी गाडी अडकवून ठेवू नका, क्लिपांसकट फार महाग नसतो. पण एक अट घाला. बिछाना बसवायच्या आधी टाकी गच्च भरून रात्रभर ठेवायची, निपलखाली कोरडा कागद. सकाळी कागद कोरडा निघाला तर भरल्या टाकीनिशी घोडबंदर रोडला एक चक्कर. तिथले खड्डे माळशेजची कसर भरून काढतील. परत आल्यावर कागद पुन्हा बघा आणि मगच फळ्या ठोकू द्या.